‘राखतील’ या एका क्रियापदावरून मोडलेला तह : काल्पनिक विश्वातल्या भाषांचे एक प्रकरण

ज्या सेशनबद्दल, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळाच्या एका बैठकीबद्दल, हे टिपण आहे, त्यात भाषेची अडचण नियमांच्या हिशेबाने पहिल्या पंधरा मिनिटांतच संपली होती. पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटातल्या, एकीला शिलालेखाचा अर्थ कळला होता, दुसऱ्याला त्याची लिपी वाचता येत होती, सोबतच्या वाटाड्याची ती मातृभाषा होती, आणि ज्या दोन पक्षांमध्ये समेट घडवायचा होता ते दोघेही कॉमन ही त्या विश्वातली सामायिक भाषा बोलत होते. तरीही खेळातल्या त्याच दिवशी, मावळतीच्या आत, तह मोडला आणि पाण्याचे दार फुटले. मी या खेळाची डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी डन्जन मास्टर, होते. चूक माझी होती हे मला त्याच रात्री जाणवले. ती नेमकी कोठे झाली हे कळायला मात्र पुढचे तीन आठवडे जावे लागले.

प्रसंगाची मांडणी अशी होती. दोन खोऱ्यांमधल्या खिंडीत डोंगराच्या पोटातून एक झरा येतो. ड्वार्फांनी, म्हणजे डोंगरात खाणी खोदणाऱ्या बुटक्या वंशाच्या लोकांनी, त्याच्या तोंडाशी दगडी पाट आणि लोखंडी दार बांधले, काही काळ वापरले आणि खाणी आटल्यावर ते उत्तरेला निघून गेले. जाताना खालच्या खोऱ्यातल्या गॉब्लिन या दुसऱ्या वंशाच्या लोकांशी त्यांनी एक करार केला आणि तो दाराजवळच्या शिळेवर दोन्ही भाषांत कोरला. नव्वद वर्षांनी ड्वार्फ परतले, तेव्हा गॉब्लिन त्या दारापाशी बसून पाण्याचा कर घेत होते. ‘तुम्ही आमचे पहारेकरी,’ असे ड्वार्फांचे म्हणणे, तर ‘दार आमच्याकडे आहे,’ असे गॉब्लिनांचे. दोघेही पुरावा म्हणून एकाच शिळेकडे बोट दाखवत होते, आणि वाद सोडवायला आमची तिसऱ्या लेव्हलची पार्टी तेथे पोहोचली होती : एक ड्वार्फ क्लेरिक (पुजारी), एक मानव विझर्ड (जादूगार), एक मानव फायटर (योद्धा) आणि एक हाफ-एल्फ रेंजर (रानवाटा जाणणारा). रेंजर खेळणारा त्या दिवशी उशिरा आला, त्यामुळे या प्रकरणात त्याचा फारसा भाग नाही.

आम्ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ २०१४ च्या नियमांनी खेळतो. त्या नियमांत भाषांचे कामकाज कसे चालते हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचा घोळ समजणार नाही. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, भाषांची एक यादी असते. यादीत भाषा असली तर ती पात्राला बोलता, ऐकता आणि सहसा लिहितावाचताही येते. नसली तर काहीच येत नाही. ही दोनच घरांची पद्धत जुनी आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तर भाषेसाठी फासा टाकायचाच नाही, भाषा एक तर येते किंवा येत नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. २०१४ च्या पुस्तकात आठ प्रचलित आणि आठ दुर्मीळ अशा सोळा भाषा दिल्या आहेत, आणि नवी भाषा शिकायची तर शिक्षक गाठून २५० दिवस, रोज एक सुवर्णमुद्रा खर्चून, शिकावे लागते. सोळा भाषांना मिळून लिप्या मात्र सहाच आहेत. त्यांतली ड्वार्विश लिपी एकटी सहा भाषांचा भार वाहते : ड्वार्विश, जायंट, नोमिश, गॉब्लिन, ऑर्क आणि प्रायमॉर्डियल. पुस्तकातला हा तक्ता बहुतेक खेळाडू एकदा पाहतात आणि विसरतात. माझ्या मते भाषांविषयीच्या सगळ्या प्रकरणात सर्वांत अधिक खेळ दडलेला आहे तो याच तक्त्यात, आणि माझ्या शिळेची कल्पनाही मला त्यावरूनच सुचली.

या सगळ्यावर छत्र धरून कॉमन उभी असते. १९७४ च्या मूळ नियमांत ही भाषा आजच्याइतकी सर्वव्यापी नव्हती. खंडभर बोलली जाणारी ती सामायिक भाषा बहुतेक माणसांना येते, पण बोलू शकणाऱ्या इतर प्राण्यांपैकी २० टक्क्यांनाच येते, असा तेव्हाचा हिशेब होता. त्याच नियमांत सुव्यवस्था, अनागोंदी आणि तटस्थता या तीन पक्षांच्याही स्वतंत्र भाषा होत्या. म्हणजे सुव्यवस्थेच्या पक्षाचा मनुष्य त्याच पक्षाच्या दुसऱ्याशी केवळ पक्षाच्या बळावर बोलू शके. ही विलक्षण कल्पना पुढे मागे पडली, आणि तिच्याविषयी कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही. कॉमन मात्र पसरत गेली. २०१४ च्या पुस्तकात खेळाडूसाठी दिलेल्या प्रत्येक वंशाला ती जन्मतःच येते, आणि त्यामुळे टेबलावर कोणीही कोणाशीही बोलू शकतो. खेळ पुढे सरकायला हे सोयीचे आहे, यात वाद नाही. या सोयीची किंमत कोठे मोजावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

आता शिळेपाशी काय झाले ते जरा सावकाश पाहू. शिळा पुरुषभर उंच होती; वरच्या अर्ध्या भागात ड्वार्विश मजकूर, खालच्या अर्ध्या भागात गॉब्लिन मजकूर, आणि अक्षरे दोन्हीकडे तीच. क्लेरिकने वरचा मजकूर सहज वाचला. खालचा त्याने, देवनागरी येणारा माणूस नेपाळी पाटी वाचतो तसा वाचला : उच्चार बहुतेक बरोबर, अर्थाच्या नावाने आनंद. त्यासाठी मी एका कागदावर काही अक्षरे लिहून आणली होती आणि ती त्याला मोठ्याने वाचायला लावली. सोबतचा गॉब्लिन वाटाड्या, जो माझ्या हातातले पात्र होता, निरक्षर होता. त्याने डोळे मिटून ऐकले, एका शब्दावर क्लेरिकला थांबवले आणि म्हणाला, “झ-गू-र. ‘गू’ लांब. छोटा नाही.” क्लेरिकने शब्द पुन्हा उच्चारला, तेव्हा तो हसला. “हे माझी आजी म्हणायची. दार आपलं.”

ज्याला वाचता येते त्याला कळत नाही, ज्याला कळते त्याला वाचता येत नाही, आणि दोघे मिळून एक वाचक होतात : मला हा प्रसंग इतका आवडला होता की त्याच्या पुढच्या वाक्याकडे माझे स्वतःचेच लक्ष राहिले नाही. फायटर खेळणाऱ्याने आपल्या वहीत काहीतरी टिपले. बाकीच्यांनी ‘दार आपलं’ याचा अर्थ ‘दार गॉब्लिनांचं’ असा घेतला आणि ते पुढे गेले.

मग विझर्डने ‘कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस’ (भाषा समजणे) हा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, विधी म्हणून केला. विधीला दहा मिनिटे अधिक लागतात, पण स्पेलचा साठा खर्च होत नाही. हा पहिल्या पातळीचा स्पेल तासभर टिकतो. तो करणाऱ्याला ऐकलेल्या कोणत्याही भाषेचा शब्दशः अर्थ कळतो आणि ज्या पृष्ठभागावर मजकूर आहे त्याला हात लावला तर लिखिताचाही कळतो, पानाला साधारण एक मिनिट या गतीने. बोलता मात्र येत नाही. समोरच्याला उलट प्रश्न विचारायचा असेल तर ‘टंग्ज’ हा तिसऱ्या पातळीचा स्पेल लागतो आणि तो विझर्डला पाचव्या लेव्हलला मिळतो. आमची विझर्ड तेथवर पोहोचली नव्हती. तिने शिळेवर तळहात टेकवला. मी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून तिच्या हाती दिल्या :

वर : खालचे लोक दार राखतील.
खाली : खालचे लोक दार राखतील.

तिने चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली आणि जाहीर केले, “दोन्ही सारखंच आहे.”

माझ्या तयारीच्या वहीत ते सारखे नव्हते. वहीत मी असे लिहिले होते की ड्वार्विशमध्ये या कामासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. एक म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्यासाठी सांभाळणे, जसे शिपाई फाटकावर उभा राहतो. दुसरे म्हणजे आपली वस्तू आपल्याकडे ठेवणे. शिळेवर पहिले कोरले होते. गॉब्लिन भाषेत मात्र एकच क्रियापद : झगूर. एखाद्या वस्तूपाशी बसून राहणे, तिची काळजी घेणे आणि त्या बसण्यामुळेच तिच्यात वाटा मिळणे, हे सगळे त्या एका शब्दात. शेकोटी झगूर करणारा पहिला घास घेतो. नव्वद वर्षांपूर्वी कोणा दुभाष्याने ड्वार्विशमधले ‘दुसऱ्यासाठी सांभाळणे’ गॉब्लिनमध्ये उतरवताना त्या भाषेत असलेला एकमेव शब्द वापरला. त्याने खोटे काही लिहिले नव्हते. हा भेद म्हणजेच माझे कोडे होते, आणि स्पेलने तो उघड करावा अशी माझी अपेक्षा होती.

पण चिठ्ठी घाईत लिहिताना मला दोन्हींसाठी एकच शब्द सुचला, आणि तो दोन्हीकडे बरोबर होता. घोळाची गोम नेमकी येथे आहे. मराठीतले ‘राखणे’ दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलेले आहे. गुराखी दुसऱ्याची गुरे राखतो, आणि ‘राखून ठेवलेले’ म्हणजे स्वतःसाठी बाजूला काढलेले असते. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण तर अक्षरशः माझ्या खिंडीतल्या भांडणाची फिर्याद आहे, आणि बोलणारा कोण यावर ती तक्रार ठरते किंवा हक्काची भाषा ठरते. मी दोन्ही अर्थांसाठी वेगवेगळी क्रियापदे मागणाऱ्या भाषेत खेळ चालवला असता तर वरच्या ओळीसाठी एक क्रियापद आणि खालच्या ओळीसाठी दुसरे लिहावेच लागले असते. मराठीने मला निवड करायला भाग पाडले नाही, म्हणून मी निवड केली नाही.

संध्याकाळी सभा झाली, ती अर्थातच कॉमनमध्ये, म्हणजे टेबलावर मराठीत. तेथे जे घडले ते आजही मला थोडे हास्यास्पद आणि बरेच भीतिदायक वाटते. ड्वार्फांच्या वडीलधाऱ्याने गॉब्लिनांच्या म्होरकीला विचारले, “नव्वद वर्षं तुम्ही हे दार राखलंत. मान्य?” ती म्हणाली, “मान्य. आम्हीच राखलं.” वडीलधाऱ्याने पार्टीकडे वळून हात पसरले : तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केले, आता आणखी काय हवे? म्होरकीनेही पार्टीकडे वळून हात पसरले : याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले, आता आणखी काय हवे? एकाच वाक्यावर दोघांचे एकमत झाले होते, आणि तेच वाक्य दोघांनीही आपल्या बाजूचा निकाल म्हणून उचलले होते. विझर्डकडे चिठ्ठी होती. दोन्ही मजकूर सारखे असल्याची तिला खात्री होती, आणि क्लेरिकने वरचा मजकूर पहाऱ्याच्या अर्थाने वाचलेला होता. तिने निवाडा दिला की करार पहाऱ्याचा आहे आणि म्होरकी शब्द फिरवते आहे. सार्वजनिक सभेत खोटारडी ठरवलेली म्होरकी उठली, तिच्या मागे तिचे लोक उठले, आणि पुढचा दीड तास आम्ही फासे टाकत राहिलो.

सेशन संपल्यावर खरी चर्चा झाली. मी वहीतला भेद सांगितला, तेव्हा विझर्ड खेळणारी रागावली, आणि तिचा राग रास्त होता. “अगं, स्पेल अर्थ सांगतो असं नियमात लिहिलंय. मी स्पेल केला, हात लावला, तू दिलेलं वाचलं. मग मी चुकले कुठे?” क्लेरिक खेळणाऱ्याचे म्हणणे वेगळे होते. त्याच्या मते स्पेलने लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ द्यायला हवा होता; कोरणाऱ्या ड्वार्फाला जे अभिप्रेत होते तेच खरे. हा युक्तिवाद मला पटला नाही, कारण नियमात ‘शब्दशः’ हा शब्द आहे, आणि लेखकाचे मन वाचणे हे कितीतरी वरच्या पातळीच्या जादूचे काम ठरेल. शिवाय खालचा मजकूर ज्यांच्यासाठी कोरला गेला त्या गॉब्लिनांच्या समजुतीला मग काहीच किंमत उरत नाही. फायटर खेळणारा इतका वेळ गप्प होता. त्याने वही उघडून एक ओळ वाचून दाखवली : “वाटाड्या ‘आमचं’ नाही म्हणाला. ‘आपलं’ म्हणाला.”

त्याच्या या एका ओळीने प्रकरणाचे स्वरूप बदलले, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला आत घेते. गॉब्लिन वाटाड्या ड्वार्फ क्लेरिककडे पाहून ‘दार आपलं’ म्हणाला, तर त्या शब्दात ड्वार्फही आला. म्हणजे त्याच्या आजीच्या आठवणीत दार दोघांचे होते, आणि तह वाचवण्याची वाट पहिल्या पंधरा मिनिटांतच सांगून झाली होती. पण ‘आपलं’ हे मराठीत नुसते ‘स्वतःचं’ या अर्थीही येते, आणि बाकीच्यांनी ते तसेच घेतले. मी तो शब्द मुद्दाम वापरला होता का? प्रामाणिक उत्तर असे आहे की वहीत ‘दार सामायिक’ असे लिहिलेले होते आणि बोलताना जीभ आपोआप ‘आपलं’ वर गेली. जो भेद मला सांगायचा होता तो चिठ्ठीत मराठीने पुसला, आणि जो सांगायचा आहे हे मी ठरवलेही नव्हते तो मराठीने वाटाड्याच्या तोंडून सांगून टाकला.

यावरून माझे निदान असे : या प्रकरणाचा निकाल ज्या भाषेने लावला ती कोणाच्याही कॅरेक्टर शीटवर नव्हती. काल्पनिक विश्वात कॉमन नावाची वेगळी भाषा असते असे आपण धरून चालतो, पण टेबलावर तिचे स्वतःचे असे काहीच नसते. ना शब्द, ना व्याकरण. तिच्या जागी खेळाडूंची भाषा बसलेली असते, आणि ती आपले सगळे सामान बरोबर घेऊन येते. मराठी टेबलावरच्या कॉमनमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असतात, ‘तू’, ‘तुम्ही’ आणि आदराचे ‘आपण’ असतात. त्यामुळे म्होरकीने वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ याचा निर्णय मला तोंड उघडण्यापूर्वीच करावा लागतो, आणि तो निर्णय खेळाडूंना राजकीय बातमीसारखा ऐकू येतो. नियमपुस्तक या कशाचीच दखल घेत नाही, कारण ते ज्या भाषेत लिहिले गेले त्या भाषेला हे प्रश्नच पडत नाहीत.

दुसरा दोष ‘येते किंवा येत नाही’ या पद्धतीचा. अन्य खेळांनी यावर तोडगे काढलेले आहेत. ‘गर्प्स’च्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत भाषेच्या पायऱ्या आहेत : मुळीच न येणारी, मोडकी, परकी छटा असलेली आणि मातृभाषेसारखी, शिवाय बोलणे आणि लिहिणे यांचे गुण वेगळे मोजले जातात, त्यामुळे आमच्यासारखा निरक्षर वाटाड्या तेथे नियमांतच बसतो. पायऱ्या उपयोगी आहेत, पण माझ्या सभेत दोन्ही बाजू कॉमन अस्खलित बोलत होत्या, म्हणजे पायऱ्यांनी तेथे काही हाती लागले नसते. अडचण प्रमाणाची नव्हती. भाषा कोणत्या कामासाठी शिकली गेली, ही होती. ड्वार्फांनी कॉमन वखारीत शिकली होती आणि गॉब्लिनांनी वाटसरूंकडून कर घेताना, आणि या दोन्ही ठिकाणी मालकीविषयी बोलायची वेळ येते ती अगदी वेगवेगळ्या प्रकारे.

खऱ्या इतिहासात सामायिक भाषा बहुधा अशाच, एखाद्या कामापुरत्या जन्मल्या. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर मासे आणि धान्य यांच्या देवघेवीसाठी रशियन आणि नॉर्वेजियन लोकांमध्ये रुसेनॉर्स्क नावाची मिश्र बोली चालत असे. तिची शब्दसंपत्ती सुमारे ४०० शब्दांची होती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो व्यापार थांबला तशी तीही संपली. मासा, पीठ, किंमत, जहाज, हवामान यांच्यासाठी ती पुरेशी होती. तिच्यात वारसाहक्काचा करार लिहायला कोणी बसले असते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

आणि दोन भाषांतल्या कराराचे काय होते, याची तर कल्पनाही करावी लागत नाही. १८८९ साली इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचालेचा तह झाला. त्याच्या १७ व्या कलमात, अम्हारिक मजकुरानुसार, परराष्ट्रांशी व्यवहार करताना मेनेलिकला इटलीच्या सरकारची मदत घेता येईल असे होते. इटालियन मजकुरानुसार ती त्याने घ्यायलाच हवी होती. ‘येईल’ आणि ‘हवी’ यांतल्या अंतरावर इटलीने इथिओपियाला आपले संरक्षित राज्य म्हणवून घेतले, मेनेलिकने तह झुगारला, आणि १ मार्च १८९६ रोजी अदवा येथे इटलीच्या सैन्याचा पराभव झाला. तेथील तफावत निव्वळ अनवधानाची होती असे मानणे कठीण आहे; माझ्या शिळेवरची मात्र अनवधानाचीच होती. पण टेबलावर पोहोचेपर्यंत या दोहोंत काही फरक उरत नाही, कारण दुखावलेला पक्ष हेतू तपासायला थांबत नाही. हे उदाहरण मला आधीपासून माहीत होते, हे सांगायला थोडी लाज वाटते. कोडे त्यावरूनच रचले होते आणि तरी चिठ्ठीत एकच क्रियापद लिहिले.

दुरुस्ती म्हणून मी स्वतंत्र भाषा रचायला बसले नाही. तशी परंपरा या छंदात आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुरुवातीच्या खेळाचे विश्व एम. ए. आर. बार्कर या भाषाशास्त्रज्ञाने रचले होते आणि त्यातल्या त्सोल्यानी भाषेला व्याकरणासकट उभे केले होते. ते काम थोर आहे, पण दर पंधरवड्याला चार तास खेळणाऱ्या टेबलाला व्याकरण पेलत नाही. त्यापेक्षा मी प्रत्येक खेळाडूला त्याच्या यादीतल्या प्रत्येक भाषेपुढे एक ओळ लिहायला सांगितली : ती कोणाकडून आली आणि कशासाठी. क्लेरिकने ड्वार्विशपुढे लिहिले, ‘मठात, प्रार्थना आणि हिशेब’. त्याबरोबर हेही ठरले की लष्करी शब्द त्याला ऐकून माहीत असतील, पण त्यांच्या बारकाव्यावर तो शपथ घेऊ शकणार नाही. म्हणजे वरच्या मजकुराचा त्याने सांगितलेला पहाऱ्याचा अर्थसुद्धा तपासून घ्यायला हवा होता, हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आले.

स्पेलविषयीचा निर्णय अधिक नाजूक होता. शेवटी आम्ही असे ठरवले की ‘कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस’ ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत मावेल तेवढाच अर्थ देतो. पण जेथे एका शब्दात मूळचे दोन शब्द कोंबले गेले असतील किंवा मूळच्या एकाचा तुकडा सांडला असेल, तेथे त्याला ‘येथे काहीतरी बसत नाही’ अशी जाणीव होते, आणि खेळाडूला मला एक प्रश्न विचारता येतो. विझर्ड खेळणारीने लगेच विचारले की स्पेलला आदरार्थी रूपे कळतात का. मी म्हणाले, मराठीत सांगायचे असेल तर कळावीच लागतील, नाही तर मला वाक्यच पुरे करता येणार नाही. हा नियम पुस्तकाच्या शब्दाबाहेर थोडा जातो याची मला कल्पना आहे. पहिल्या पातळीच्या स्पेलला मी जरा जास्त दिले, असे कोणी म्हटले तर माझा विरोध नाही.

पुढच्या सेशनमध्ये पार्टी फुटलेल्या दारापाशी परत गेली. म्होरकीची माफी मागायला फायटर एकटा पुढे गेला, कारण तिला खोटे न ठरवणारा तोच होता. या वेळी विझर्डने स्पेल चालू असताना वाटाड्याला गॉब्लिनमध्ये बोलू दिले, जे पहिल्या वेळी कोणाला सुचलेच नव्हते. त्याने आजीचे ते वाक्य म्हटले, विझर्डने आपला प्रश्न खर्च केला, आणि झगूरचा सगळा पसारा, शेकोटी आणि पहिल्या घासासकट, टेबलावर आला. क्लेरिकने ड्वार्फांच्या वडीलधाऱ्याला बाजूला घेऊन त्यांच्या दोन क्रियापदांविषयी विचारले. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की दोन्हींपैकी कोणतेच नव्वद वर्षांच्या बसण्याला पुरे पडत नाही.

नव्या कराराचा मसुदा खेळाडूंनीच लिहिला, आणि त्यात ‘राखणे’ कोठेही नव्हते. दार उघडणे व बंद करणे खालच्यांकडे; पाटाची डागडुजी वरच्यांकडे; दुष्काळात दर दहा घागरींतली एक आधी खालच्यांची; वाटसरूकडून काही घ्यायचे नाही. इतके नीरस कलम-कलम लिहिलेले पाहून मला समाधान वाटले. गॉब्लिनांची एकच अट होती की त्यांचा शब्द शिळेवर राहिला पाहिजे, खालच्या मजकुरात आणि वरच्यातही. ड्वार्विशमध्ये त्याला प्रतिशब्द नव्हता, म्हणून वरच्या ओळीतही तो तसाच कोरायचे ठरले.

वाटाड्या पाथरवटाशेजारी उभा होता. अक्षरे त्याला वाचता येत नव्हती, पण पाथरवट छिन्नी चालवताना शब्द पुटपुटत होता, आणि ऐकताक्षणी वाटाड्या ओरडला, “गू लांब! छोटा नाही!” तोवर अक्षर खोल गेले होते आणि पुढे दीर्घाची खूण करायला दगड उरला नव्हता. त्या खिंडीतले ड्वार्फ आता तो शब्द ‘झगुर’ असा म्हणतात.